सिंहासनाच्या चार अंगुळे वर

आदिनाथ भगवंतांचं पंचकल्याणक असलं, की राज्याभिषेकाच्या दिवशी मंडपात पाय ठेवायला जागा नसते. बायका लवकर स्वयंपाक उरकून, ठेवणीतली साडी नेसून पुढची जागा धरतात. व्यासपीठावर कापडाचा राजवाडा उभा असतो. नाभिराय आपल्या डोक्यावरचा मुकुट उतरवून मुलाच्या मस्तकावर ठेवतात, नगारा वाजतो, छत्र धरलं जातं, चवऱ्या ढाळल्या जातात. मग मांडलिक राजे नजराणे घेऊन येतात. त्यातले निम्मे आपल्या ओळखीचेच असतात. कुणी अडत दुकानदार, कुणी सराफ, कुणी साखर कारखान्याचा संचालक. ओळखीचा चेहरा मुकुटाखाली दिसला, की बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात आणि हसतात.

त्यानंतर नीलांजनेचं नृत्य होतं. दरबार रंगलेला असताना नाचता नाचता तिचं आयुष्य संपतं आणि ती नाहीशी होते. रसभंग होऊ नये म्हणून इंद्र त्याच क्षणी तिच्यासारखीच दुसरी नर्तकी उभी करतो. सभेला काही कळत नाही, फक्त सिंहासनावर बसलेल्याला कळतं. तो उठतो, पालखीत बसून वनात जातो, अंगावरचं सगळं उतरवतो आणि स्वतःच्या हातानं केस उपटतो. पण इथवर कार्यक्रम पोचेपर्यंत अर्धा मंडप उठून जेवणाच्या पंगतीकडे गेलेला असतो.

या क्रमाकडे आपण नीट पाहत नाही, असं मला फार दिवस वाटतं. राज्याभिषेक हे पाच कल्याणकांपैकी एक नाही. गर्भ, जन्म, तप, ज्ञान आणि मोक्ष ही पाच. राज्याभिषेक येतो तो तपकल्याणकाच्या आधी, तपाची तयारी म्हणून. काय सोडलं हे लोकांना समजावं, म्हणून आधी काय मिळालं होतं ते दाखवायचं. वासुपूज्य, मल्लिनाथ, नेमिनाथ, पार्श्वनाथ आणि महावीर हे पाच तीर्थंकर आपल्या परंपरेत बालयती मानले जातात. त्यांनी राज्यच केलं नाही, म्हणून त्यांच्या मोठेपणात काही उणं आलं का? थोडक्यात, मुकुट हा आपल्या गोष्टीचा मधला मुक्काम आहे. आणि आपण मात्र गाठोडं सोडून तिथंच बसलो आहोत.

आता अभिषेक म्हणजे काय, ते आधी पाहू. आपल्याकडे राजा होणं याला ‘राज्याभिषेक’ हाच शब्द आहे. मुकुटाचा त्यात उल्लेखही नाही. माणूस राजा होतो तो पाण्यानं. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला, तेव्हा गागाभट्टांनी मंत्र म्हटले आणि महाराजांच्या मस्तकावर पवित्र जल ओतलं गेलं. सिंहासन, छत्र, ‘छत्रपती’ ही पदवी, हे सगळं त्या पाण्याला धरून आलं. अगदी साता समुद्रापलीकडेही हीच रीत दिसते. २०२३ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या राजाचा राज्यारोहण सोहळा आपल्यापैकी अनेकींनी टीव्हीवर पाहिला असेल. त्यात हिरेजडित मुकुट सगळ्या जगाला दाखवला, पण त्याआधी राजाच्या अंगावरची भरजरी वस्त्रं उतरवली, साधा पांढरा सदरा तेवढा ठेवला आणि पवित्र तेल लावायच्या वेळी भोवती पडदे धरले. तो क्षण कॅमेऱ्यापुढे आणलाच नाही. म्हणजे अभिषेकाच्या क्षणी राजालाही क्षणभर राजेपण बाजूला ठेवावं लागतं. दागिने त्याच्या आधी असतात आणि नंतर असतात, त्या क्षणी नसतात.

आपल्या आचार्यांनी नेमका हाच धागा पकडला, आणि तो शेवटपर्यंत ओढत नेला.

नवव्या शतकातले आचार्य जिनसेन राजदरबार न बघितलेले नव्हते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष त्यांना गुरू मानत असे. आपल्या या कर्नाटक-महाराष्ट्राच्या पट्ट्यावर ज्याचं राज्य होतं, तो राजा त्यांच्या पायाशी बसत होता. म्हणून ‘आदिपुराणा’त जे छत्र, जे चामर, जे सिंहासन येतं, ते ऐकीव नाही. ग्रंथ पुरा होण्याआधीच त्यांचं देहावसान झालं आणि शिष्य गुणभद्रांनी तो पुरा केला. पण राजवैभवाचं काय करायचं, हा प्रश्न जिनसेनांनी आपल्या भागातच सोडवून ठेवला आहे.

त्यांनी एक युक्ती केली. राजाची सगळी चिन्हं उचलली आणि राज्य सोडलेल्या माणसाभोवती मांडली. अष्ट प्रातिहार्यं आठवा. अशोकवृक्ष, सिंहासन, तीन छत्रं, चामरं, भामंडल, पुष्पवृष्टी, दुंदुभी आणि दिव्यध्वनी. यातली निम्मी तर सरळ दरबारातूनच आलेली आहेत. राजाला एक छत्र असतं, जिनेंद्रांना तीन. सार्वभौम चक्रवर्तीला बत्तीस चवऱ्या, अर्धचक्रीला सोळा, तर जिनेंद्रांना चौसष्ट. हिशेब राजाच्याच मापानं केला आहे, कारण ऐकणाऱ्याला तेच माप ठाऊक होतं. शेतकऱ्याला मोठं क्षेत्र सांगायचं तर एकरातच सांगावं लागतं ना, तसं.

पण एका ठिकाणी त्यांनी माप मोडलं. समवसरणात रत्नजडित सिंहासन आहे, त्यावर कमळ आहे, आणि भगवान त्या आसनाला न टेकता चार अंगुळे वर, अधर विराजमान आहेत. सिंहासन तिथं पुरतं आहे, सुंदर आहे, देवांनीच रचलं आहे. त्याचा अनादर केलेला नाही. फक्त त्याला स्पर्श नाही. मला सबंध जैन साहित्यात याहून मोठी कल्पना सापडलेली नाही. वैभव जवळ नसताना त्याला नावं ठेवणं सोपं असतं. वैभव जाळून टाकणंही त्यामानानं सोपं असतं. ते खाली मांडलेलं असताना चार अंगुळे वर राहणं, हे अवघड. ही चार अंगुळांची जागा म्हणजेच आपला धर्म, असं मी माझ्यापुरतं मानते.

आणि ज्याला ही चार अंगुळं साधली नाहीत, त्याचीही गोष्ट जिनसेनांनी सांगितली आहे. तो भरत चक्रवर्ती. ऋषभदेवांचा थोरला मुलगा, चौदा रत्नं आणि नऊ निधींचा धनी. सहा खंड जिंकून तो वृषभाचल पर्वतापाशी येतो. तिथल्या शिळेवर आपलं नाव कोरायचं, ही चक्रवर्तीची रीत. हातात काकिणी रत्न घेऊन तो पुढे होतो आणि बघतो तर काय, शिळेवर तसूभर जागा नाही. त्याच्या आधी होऊन गेलेल्या चक्रवर्तींच्या नावांनी ती भरून गेली आहे. पहिला आपणच, असं ज्याला वाटत होतं, त्याचा गर्व तिथं उतरतो. पण नाव लिहायची इच्छा उतरत नाही. तो दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुसतो आणि तिथं आपलं लिहितो.

पुराणातली गोष्ट म्हणून आपण ही ऐकतो आणि सोडून देतो. पण आपल्या एखाद्या नव्या मंदिरात फेरफटका मारून या. दारावर नाव, पायरीवर नाव, बाकावर नाव, पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव. पंखा फिरायला लागला की नाव दिसेनासं होतं, एवढंच काय ते समाधान. जीर्णोद्धारात जुनी फरशी निघते, तिच्याबरोबर जुन्या देणगीदारांची नावंही निघतात आणि नव्यांची बसतात. वृषभाचल काही फार लांब नाही.

भरताची गोष्ट इथं संपत नाही. तो अयोध्येला परत येतो आणि त्याचं चक्ररत्न नगराच्या दाराशीच थांबतं. पुढे सरकत नाही, कारण घरचे भाऊ अजून नमलेले नाहीत. बाकीचे भाऊ दीक्षा घेतात. बाहुबली नमत नाही. मग दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध होतं, तिन्हींत भरत हरतो आणि चिडून भावावर चक्र सोडतो. सत्तेचं सगळ्यांत मोठं चिन्ह ते! पण चक्र बाहुबलीला प्रदक्षिणा घालतं आणि त्याला इजा न करता थांबतं. ज्याच्या हातात चिन्ह आहे त्याच्यापेक्षा चिन्हालाच जास्त समजतं, असं काहीसं जिनसेनांना सुचवायचं असावं.

जिंकलेला बाहुबली राज्य न घेता निघून जातो. वर्षभर उभा राहतो. पायाशी वारुळं होतात, अंगावर वेली चढतात. तरी केवलज्ञान होत नाही. का होत नाही, याची दोन उत्तरं आपल्या दोन परंपरांनी दिली आहेत, आणि ती शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. आदिपुराण सांगतं, माझ्यामुळे भरताला क्लेश झाला, ही बारीक सल बाहुबलीच्या मनात राहिली होती. भरतानं येऊन पूजा केली, तेव्हा ती गेली. श्वेतांबर परंपरेत मात्र आपल्या आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करायला तो कचरतो, हा मान आड येतो. आणि त्याला जागं करायला येतात त्या त्याच्या दोन बहिणी, ब्राह्मी आणि सुंदरी. त्या तत्त्वज्ञान सांगत नाहीत. दादा, हत्तीवरून खाली उतर, एवढंच म्हणतात.

तो तर उघडा, अनवाणी, जमिनीवर उभा! कसला हत्ती? आणि मग त्याच्या ध्यानात येतं.

मी दिगंबर घरातली, दिगंबर घरात दिलेली. माझं पुराण पहिलं. तरीही एक वाचक म्हणून सांगते, बहिणींची ही गोष्ट माझ्या मनात जास्त खोल गेली आहे. पहिल्या उत्तरात गाठ सोडवायला राजा यावा लागतो. दुसऱ्यात, जिला राज्यात वाटा नव्हता ती बहीण येते. राजचिन्हं अंगावरून उतरली तरी मनातून उतरतातच असं नाही, हे तिनं पाहिलं. घरात वावरणाऱ्या बाईला हे लवकर दिसतं. दारात चपला काढून आलेला माणूस आत आला तरी कधी कधी हत्तीवरच असतो, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आता श्रवणबेळगोळला चलू, कारण या सगळ्या चिन्हांची गाठ तिथं पडते. गंग राजा राचमल्लाचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय यानं दहाव्या शतकाच्या अखेरीला ती सत्तावन्न फुटांची मूर्ती घडवून घेतली. यामागं त्याची आई होती, काललदेवी. पोदनपुरच्या बाहुबलीचं दर्शन होईपर्यंत दूध घेणार नाही, असा तिनं नेम धरला होता, अशी कथा आहे. मूर्तीच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत ती कुणी करवली हे लिहिलं आहे. त्या मराठी ओळीचा आपल्याला अभिमान आहे, तो असावाच. पण त्या ओळींत राजाचं नाव नाही, हेही बघावं. चावुंडरायाचं आहे. आणि आईचं नाही.

तिथं दर बारा वर्षांनी महामस्तकाभिषेक होतो, १९८१ ला मूर्तीला हजार वर्षं झाल्याचा झाला, मग १९९३, २००६, २०१८. एक हजार आठ कलशांचा हा अभिषेक. ही संख्या मेरू पर्वतावरच्या जन्माभिषेकाची. राजाला अभिषेक करतात तो राज्य सुरू व्हावं म्हणून. बाहुबलीला करतो तो त्यानं राज्य सोडलं म्हणून. कलश तेच, पाणी तेच, दूध तेच, आणि अर्थ पार उलटा. जगात दुसरीकडे कुठं राज्य नाकारणाऱ्याला असा अभिषेक होत असेल, तर मला ठाऊक नाही.

आणि तिथलीच गुळ्ळकायज्जीची कथा आपण लेकी-सुनांना सांगतो. चावुंडरायानं पहिला अभिषेक मांडला, घागरीमागून घागरी दूध ओतलं, पण ते मूर्तीच्या पायापर्यंत उतरेना. मग एक म्हातारी एका फळाच्या पोकळ कवचात मावेल इतकं दूध घेऊन आली. लोकांनी तिला हसून मागं ढकललं. शेवटी तिला ओतू दिलं, आणि त्या घोटभर दुधानं मूर्ती नखशिखान्त न्हाली. मंत्र्याचा गर्व उतरवायला कूष्मांडिनी देवीच आली होती, असं सांगतात. ती अज्जी आज मूर्तीसमोर दगडात उभी आहे. हातात तेच कवच.

गंमत अशी, की ही गोष्ट सांगून झाल्यावर आपण सवाल सुरू करतो. आपल्या भागात बोलीला सवाल म्हणतात. पहिला कलश कुणाचा, सौधर्म इंद्र-इंद्राणी कोण, भगवंतांचे माता-पिता कोण, हत्तीवर कोण बसणार, हे सगळं सवालात ठरतं. लाऊडस्पीकरवरून आकडे चढत जातात. ज्याचा आकडा मोठा, त्याच्या डोक्यावर मुकुट. पंचकल्याणकात जो मुकुट नाभिराय उतरवून ठेवतात, तोच मुकुट आपण सवालात चढवतो.

यावर दुसरी बाजू आहे, आणि ती मला मान्य आहे. सवालाच्या पैशातून वसतिगृहं चालतात, बस्तीच्या भिंती उभ्या राहतात, त्यागींची सेवा होते. शेतकरी समाज आहे आपला, पैसा आकाशातून पडत नाही. जो देतो त्याचा मान करायला नको का? करावाच. नारळ द्या, शाल द्या, अहवालात पहिल्या पानावर नाव छापा. पण देणगीचा मान आणि इंद्राचं पद यात फरक आहे. इंद्र हे दात्याचं पद नाही, सेवकाचं आहे. जन्मकल्याणकात इंद्र काय करतो? बाळाला मांडीवर घेतो, पाणी घालतो, आनंदानं नाचतो. आणि प्रसूतिगृहात जाऊन ते बाळ सर्वांत आधी कोण बघतं, तर इंद्राणी, शची. हा तिचा मान. त्यासाठी तिनं बोली लावल्याचं कुठल्याच पुराणात नाही.

इथं एक घरची गोष्ट सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई चाळिशीत विधवा झाल्या. पर्युषणाचे दहा दिवस उपवास, चौमासातले नियम, सगळं त्यांनी आयुष्यभर पाळलं. एका पंचकल्याणकात अष्टकुमारिकांना ओव्या-गाणी शिकवायचं काम त्यांनी महिनाभर केलं. त्या वेळी त्यांनी एवढंच विचारलं, की मातेच्या सेवेतल्या देवींमध्ये मलाही उभं राहता येईल का? उत्तर आलं, ‘वहिनी, तिथं सवाष्णी लागतात. आणि जोडप्यांचे सवाल झालेत.’ त्या काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघराकडे गेल्या आणि तीन दिवस भात उपसत राहिल्या. कार्यक्रम फार छान झाला, असं सगळे म्हणाले.

मी तेव्हापासून शोधते आहे, की गुळ्ळकायज्जी सवाष्ण होती का? कथेत तसा शब्द नाही. ब्राह्मी आणि सुंदरीनं लग्नच केलं नव्हतं. काललदेवी मुलाच्या आधारानं यात्रेला निघालेली. म्हणजे आपल्या परंपरेतल्या ज्या बायकांनी राजे-सेनापतींना हत्तीवरून उतरवलं, त्यांच्यातल्या एकीलाही आपल्या आजच्या व्यासपीठावर जागा मिळाली नसती. सवाष्ण असण्याची अट धर्मातून आलेली नाही, ती दरबारातून आली आहे. राजाच्या मंगल कार्यात शुभ-अशुभ बघतात. जो राज्य सोडून चालला आहे, त्याला कसलं अशुभ?

कुणी म्हणेल, हे सगळं नाटक आहे, एवढं मनावर काय घ्यायचं? पण चिन्हांचं हेच असतं. ती रोज डोळ्यांसमोर येतात आणि न बोलता शिकवतात. व्यासपीठाखाली बसलेली दहा वर्षांची मुलगी पुराण वाचत नाही, ती मुकुट कुणाच्या डोक्यावर आहे ते बघते. पैसा असलेल्या, नवरा असलेल्या बाईलाच इंद्राणी होता येतं, हे ती घेऊन घरी जाते. मग पाठशाळेत अपरिग्रहाची व्याख्या कितीही पाठ करून घ्या.

राजचिन्हं काढून टाका, असं माझं म्हणणं नाही. छत्र असू दे, चवरी असू दे, नगारा तर हवाच. आचार्यांनी ती विचारपूर्वक घेतली होती, ती आपली झाली आहेत. मला फक्त त्यांच्यातली ती चार अंगुळं परत हवी आहेत. त्यासाठी फार करावं लागणार नाही. देणग्यांचा सवाल वेगळा करा आणि पदं चिठ्ठी टाकून द्या. चिठ्ठीत सगळ्या श्राविकांची नावं असू द्या, ज्यांची जोडी आहे त्यांची आणि ज्यांची मोडली आहे त्यांचीही. आणि एक कलश, पहिलाच असं नाही, कुठलाही एक, ज्यानं काही दिलेलं नाही त्याच्यासाठी ठेवा. त्याला गुळ्ळकायज्जीचा कलश म्हणा.

समितीच्या सभेत हे कुणी मांडायचं, असा प्रश्न येईल. सभेत पुढच्या रांगेत मुकुटाचे मानकरी बसलेले असतात, हे मलाही ठाऊक आहे. पण मागं, दाराशी, आपण बसलेल्या असतो. ब्राह्मी-सुंदरीसारखं नुसतं एक वाक्य म्हणायचं आहे. मोठ्यानं म्हणायचीही गरज नाही.